भोकरगडावरच्या चपला

१

"गड आपल्या लेकरांचं काहीही हरवू देत नाही," सहलीत इतिहास सांगणारे भगवंत सर माइकवर म्हणाले.

मासवण मागे पडलं की दर शुक्रवारी ते हे वाक्य म्हणत. आजवर गडांनी त्यांची एक छत्री, दोन टोप्या आणि खालची कवळी ठेवून घेतली होती. पण सिद्धान्त तो सिद्धान्त.

शुक्रवार अशासाठी, की बोईसरच्या ज्या कारखान्यांतून ही मंडळी येत त्यांना, विजेचा भार वाटून घेण्यासाठी, सुट्टी शुक्रवारची. उरलेला महाराष्ट्र रविवारी इतिहासात रमतो. बोईसरकरांना इतिहाससुद्धा विजेच्या सोयीनं मिळतो. 'मेहुल हॉलिडेज'ची ही एक दिवसाची सहल होती: सकाळी नदीकाठचं देऊळ, दुपारी भोकरगड, रात्री 'निसर्ग'. निसर्ग म्हणजे परतीच्या वाटेवरचा ढाबा. त्याच्या मागे झाडं होती.

हेमांगी चुरी तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसली होती. औषधांच्या कारखान्यात गोळ्यांचा घाणा बिघडला की तो का बिघडला हे शोधायचं, ही तिची नोकरी. त्या नोकरीनं तिला एक गोष्ट शिकवली होती. 'कोणी केलं?' असं विचारलं की उत्तर तयार असतं: कंत्राटी कामगारानं. म्हणून ती विचारायची, 'कसं झालं?' या प्रश्नाचं उत्तर कोणी तयार करून आलेलं नसतं.

बस पायथ्याला थांबली. एरवी सोमी आपल्या झोपडीपुढे काकड्या मांडून बसलेली असे. आज काकड्या नव्हत्या. सोमी बसच्या दाराशीच उभी होती, आणि तिला हेमांगीच हवी होती.

"बाई, तुमी मागच्या शुक्रवारी नव्हत्या."

"नव्हते. आमच्याकडे तपासणीवाले आले होते. काय झालं, सोमीताई?"

"माज्या सुकाच्या चपला गेल्या. वरच्या भोकरीखालून."

सुका सोमीचा एकुलता. नवरा आधीच गेलेला. सुका सहलीवाल्यांना गड दाखवायचा. जे ठाऊक नसे ते भगवंत सरांना सांगू द्यायचा. गेल्या भादव्यात सहल उतरून बसमध्ये बसली, आणि एका मुलीच्या लक्षात आलं की तिचा गॉगल वर टाक्यापाशी राहिला. कोणी काही म्हणायच्या आत सुका वर पळाला. अंधारून येत होतं, बसला उशीर होत होता. पुढच्या शुक्रवारी घेऊ, असं ठरलं आणि बस निघाली. सुका रात्री सापडला, भोकरीच्या झाडाखाली. पायाला मण्यार डसली होती. गॉगल हातात होता, त्याला ओरखडासुद्धा नव्हता. पुढच्या शुक्रवारी सोमीनं तो पदरानं पुसून बसवाल्यांच्या हवाली केला.

तिच्या पाड्यावर रीत अशी, की जो घराबाहेर गेला त्याच्या चपला, वर्ष भरत आलं की, तो पडला तिथे नेऊन ठेवायच्या. पुनवेला ठेवायच्या, तोंडं घराकडे करून. पंधरवडाभर तो त्या शोधतो. अवसेला भगत त्याला हाक मारतो, आई चपला उचलून घरी आणते, आणि मग तो घरच्या देवांत बसतो. तोवर तो रानात उभाच.

"दुसऱ्या ठेवल्या तर?" हेमांगीनं हळूच विचारलं.

"दुसऱ्याच्या चपलांत कोन येईल, बाई? दुसराच येईल की."

अवस कधी, हे हेमांगीनं विचारलं.

"अवस परवा, रविवारी," सोमी म्हणाली. "मागल्या शुक्रवारी सकाळी मी बगून आले तवा होत्या, सांजच्याला नाय. मदी एकच गाडी आली. ही."

२

बसमध्ये बातमी पसरली आणि सगळ्यांचं ताबडतोब एकमत झालं, की हे काम स्थानिकांपैकीच कोणाचं तरी असणार. इतकं एकमत नाश्त्याच्या पोह्यांवरही झालेलं नव्हतं.

स्थानिकांपैकी संशयित एकच होता: नवशा, सोमीचा दीर. त्याची मॅगीची टपरी सोमीच्या झोपडीसमोरच होती, आणि दोघांचं बोलणं बंद होतं.

"भांडन हाय ना," नवशानं मॅगी ढवळत कबूल केलं. "तिच्या सावलीत माजं टेबल येतं. सावली काय तिच्या बापाची? पन म्हनून पुतन्याच्या चपला उचलीन? बाई, तुमी शिकलेल्या, म्हनून इचारता."

"शुक्रवारी वर गेला होतात?"

"मी वर गेलो तर मॅगी कोन करील? तुमची मानसं उतरतात ती लढाई करून आल्यावानी. दोन मिनिटं थांबत नायत."

"पाड्यावरचं दुसरं कोणी? गुराखी पोरं?"

नवशानं पळी खाली ठेवली. पहिल्यांदाच तो हेमांगीकडे नीट बघून बोलला.

"मेलेल्याच्या चपला जो उचलतो तो त्याच्याच वाटेनं जातो. आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. गुरं चारतात ती पोरं त्या भोकरीला लांबून वळसा घालतात. वयनीला बी ठावं हाय, मी नेल्या नाय. पन तिला कुनावर तरी वरडायला पायजे. मी जवळ हाय."

हेमांगीनं मनात नोंद केली. ज्याला त्या चपलांचा अर्थ ठाऊक होता, तो त्यांना हात लावणार नाही. म्हणजे नेणारा तो, ज्याला अर्थ ठाऊक नव्हता. बसभर माणसं शिल्लक राहिली.

"किंवा ज्याला ठाऊक होता आणि राग आला," ती पुटपुटली.

"राग?" नवशा म्हणाला. "मग तुमच्या सरांना इचारा. त्या दिशी वरनं आले ते लालबुंद होऊन. मला म्हनले, 'भोकरीखाली जे चाललंय त्याचा मी आज निकाल लावलाय!'"

३

भगवंत सरांना चढणीवर गाठणं सोपं होतं. ते दर वळणावर इतिहास सांगण्यासाठी थांबत, आणि इतिहास साधारण श्वास परत येईपर्यंत चाले.

"सर, भोकरीखालच्या चपला तुम्ही पाहिल्या होत्या?"

"पाहिल्या!" सरांचा आवाज चढला. "चुरीबाई, ती भोकरीची जागा म्हणजे गडाचं मेट आहे. पहाऱ्याची चौकी! तिथे मावळा जागत होता. आणि तिथे आज काय? चपला! शेजारी शेंदूर लावलेला दगड! अंधश्रद्धेचा कळस!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"निकाल लावला."

हेमांगी थांबली. वरून पाझरणारं पाणी वाटेवरून वाहत होतं. पुढच्या मंडळींचा हसण्याचा आवाज आला आणि विरला.

"म्हणजे?"

"म्हणजे लेख लिहिला. 'गडांवरील अनिष्ट प्रथा'. छायाचित्रासह. वर्तमानपत्राला पाठवला." सरांचा आवाज जरा खाली आला. "त्यांनी अजून कळवलेलं नाही."

"आणि चपला?"

"चपलांना मी हात लावीन? कोणाच्या पायातल्या, कोण जाणे."

छायाचित्र त्यांच्या मोबाइलमध्ये होतं. हेमांगीनं ते बोटांनी मोठं केलं. निळ्या पट्ट्यांच्या दोन रबरी चपला जोडीनं ठेवलेल्या, तोंडं खाली पाड्याकडे. शेंदराचा दगड दोन हात बाजूला, गवतात अर्धा बुडालेला. सरांनी त्याच्याबद्दल सांगितलं नसतं तर तो तिला दिसलाही नसता. तिनं चपला आणखी मोठ्या केल्या आणि तिच्या कपाळाला आठी पडली. टाचेशी दुकानाचं कागदी चिकटपत्र अजून तसंच होतं.

"सर, या तर कोऱ्या आहेत."

"अंधश्रद्धेला खर्च करायला पैसा असतो," सर म्हणाले.

छायाचित्राच्या कोपऱ्यात दोन पांढरी पोती दिसत होती, तोंडं सुतळीनं बांधलेली. मेहुलच्या सहलीत 'गडसेवा' नावाचा कार्यक्रम असे. लोक गडावर कचरा वेचत आणि सेवेचं समाधान घेऊन उतरत. कचराही बहुतेक मागच्या शुक्रवारच्या सेवेकऱ्यांचाच असे.

"हा फोटो कधीचा?"

"उतरतानाचा. मी शेवटी होतो."

"तुमच्या मागे कोणी नव्हतं?"

"इतिहासाच्या मागे कोण असतं, चुरीबाई!"

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की ते वहीत टिपायला थांबले. त्यामुळे पुढचं वाक्य त्यांनी खाली मान घालूनच म्हटलं.

"नाही म्हणायला एक मुलगी होती. टाक्यापाशी एकटीच रडत बसली होती. मी तिला टाक्याची लांबी-रुंदी सांगितली, पण तिचं लक्ष नव्हतं."

४

मेहुल पायथ्याशी बसच्या सावलीत जेवणाचे डबे मोजत उभा होता. 'अस्सल वारली भोजन' असं डब्यांवर छापलं होतं. ते बोईसरच्या एका केटररकडून येई आणि त्यात पनीर असे.

"बेन, देवाशप्पथ, मी असलं काम करत नाय," तो म्हणाला. "कचऱ्यात मी चांगली वस्तू कधी घालू देत नाय. फाटकं, तुटकं, रिकामं, ते पोत्यात. चांगली वस्तू दिसली तर ती कचरा नाय. ती कोणाची तरी राहिलेली वस्तू. तिचा आपला वेगळा नियम आहे ना!"

"कसला नियम?"

मेहुलनं तिच्याकडे दुखावल्यासारखं बघितलं. "दर वेळी माइकवर सांगतो, बेन. तुम्ही ऐकत नाय?"

ऐकत होती. वर्षभर दर शुक्रवारी ऐकत होती, आणि म्हणूनच तिला तो ऐकू येईनासा झाला होता. सुका गेल्यावर सहल मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर शोकसभा झाली होती. हात जोडल्याची चित्रं, रडक्या चेहऱ्यांची चित्रं, सरांची चौदा ओळींची कविता. त्या सगळ्यातून एकच कामाची गोष्ट निघाली होती. सरांनी तिला नाव दिलं होतं, 'सुका-नियम'. गडावर राहिलेली वस्तू आणायला यापुढे कोणाही गाववाल्याला पाठवायचं नाही. ज्याला ती दिसेल त्यानंच ती खाली आणायची आणि बसमधल्या निळ्या पेटीत ठेवायची.

हेमांगी बसच्या पायरीवर बसली. आता सगळं सरळ दिसत होतं. चपला फाटक्या असत्या तर पोत्यात गेल्या असत्या. पण पोती बांधून झाल्यावरही त्या जागेवर होत्या, म्हणजे सेवेकऱ्यांनी त्यांना कचरा मानलं नव्हतं. पाड्यावरचा माणूस त्यांना शिवणार नव्हता. सरांनी फक्त लेख लिहिला होता. चोराला अर्ध्या वाटेवर ठेवलेल्या रबरी चपलांचा मोह व्हायचं कारण नव्हतं. उरला तो एकच प्रकारचा माणूस: सज्जन, नियम पाळणारा, आणि त्या झाडाखाली काय झालं हे ठाऊक नसलेला.

सुकाच्या चपला सुकाच्याच नावाच्या नियमानं उचलल्या गेल्या होत्या.

"पेटी दाखव," ती म्हणाली.

पेटी रिकामी होती. तळाशी एक केसांचा चाप आणि कोणाचं तरी आवळा सुपारीचं पाकीट होतं.

"सोमवारी खाली केली ना," मेहुल म्हणाला. "शनिवार-रविवार वाट बघतो, कोणी नाय आलं तर माणुसकीच्या भिंतीला लावतो. चपला होत्या, बरोबर. निळ्या पट्ट्याच्या. त्या मुलीनं धावत धावत आणून दिल्या, धाप लागली होती तिला."

"कुठल्या मुलीनं?"

"तुम्हीच पाठवलेली ना, बेन. तुमच्या सीटवर. तुमच्या लॅबमधली तेजल."

५

गॉगल तेजलचा होता.

त्या संध्याकाळी ती फक्त "अय्या, माझा गॉगल!" एवढंच म्हणाली होती. सुका कुठे सापडला, कोणत्या झाडाखाली, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. पालघरहून येणारी, हसरी, बडबडी पोर. वर्षभरात तिचं बोलणं तपासणीच्या आकड्यांपुरतं उरलं. मागच्या शुक्रवारी स्वतःला जाता येईना, तेव्हा हेमांगीनंच हट्ट केला होता: "माझ्या जागेवर तू जा. एकदा जाऊन ये, बरं वाटेल."

शनिवारी कॅन्टीनमध्ये तेजल आपणहून तिच्या टेबलाशी आली. बशीत दोन बटाटेवडे होते. गेल्या वर्षभरात तिनं वडा घेतलेला हेमांगीनं पाहिला नव्हता.

"ताई, तुम्हाला सांगायचंच होतं. मी गेले ते बरं झालं."

"हो?"

"वर गेल्यावर आधी खूप रडले. ते सर येऊन टाकं किती खोल आहे ते सांगायला लागले, मग आणखीनच रडले." ती हसली. "सगळ्यांच्या शेवटी उतरले. तर वाटेत एका झाडाखाली चपला. एकदम कोऱ्या, नीट जोडून ठेवलेल्या. कोणीतरी बूट घातले असतील आणि या विसरले असतील. मी पुढे गेले होते हं, चार पावलं. मग म्हटलं, आता हे लोक खाली गेल्यावर कोणीतरी ओरडणार, 'अरे, माझ्या चपला!' आणि परत कोणाचं तरी पोर वर पळणार."

हेमांगीनं हातातला चमचा खाली ठेवला.

"म्हणून मीच घेतल्या. पळत आले, ताई. छातीशी धरून. काळोख पडायच्या आत खाली पोचायचं, एवढंच डोक्यात होतं. पेटीत ठेवल्या आणि काय झालं माहितेय? त्या रात्री मला झोप लागली. गोळी न घेता." तिनं वड्याचा तुकडा मोडला. "कोणाच्या होत्या? मिळाल्या त्यांना?"

हेमांगी चुरीनं उभ्या नोकरीत एकही खोटा अहवाल लिहिला नव्हता. एकदा मालकानं सांगूनही नाही.

"मिळाल्या," ती म्हणाली. "चिंचणीच्या एक बाई आहेत, त्यांच्या होत्या. खूश झाल्या."

"मग एक थँक्यू तरी टाकायचं ना गटावर!" तेजल म्हणाली. "लोक पण ना."

६

भिंत म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावरचं एका बंद प्लॉटचं कुंपण. त्यावर रंगानं लिहिलं होतं: नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या. आत्ता तिथे एक लहान मुलाचा स्वेटर आणि एकच मोजा होता.

चपला कोणी नेल्या हे शोधायला मात्र अक्कल लागली नाही. मेहुलनं दान करताना फोटो काढला होता. 'मेहुल हॉलिडेज'च्या पानावर तो ठळक झळकत होता: एका बाजूनं चपला देणारा मेहुल, दोन्ही डोळे कॅमेऱ्यात, दुसऱ्या बाजूनं चपला घेणारा एक माणूस, दोन्ही डोळे जमिनीत. खाली शेहेचाळीस जणांनी अंगठा दाखवला होता. त्यात हेमांगीचाही एक अंगठा होता. पाहिल्याशिवायच दिलेला.

माणूस समोरच्या गोदामात पोती उतरवत होता. नाव रामसजीवन. पाळी सुटायची वेळ झाली होती आणि कंपनीच्या बसेस नाक्यावर हॉर्न वाजवत उभ्या होत्या. हेमांगीनं त्याच्या पायांकडे बघितलं. निळे पट्टे पांढऱ्या भुकटीनं करडे झाले होते. चिकटपत्र गेलं होतं.

"मैडम, चोरी का नहीं है," तो घाईनं म्हणाला. "सेठ ने खुद दिया। फोटो भी खींचा।"

"माहीत आहे. मालूम है. किसी लड़के का था. गुज़र गया. उसकी माँ को चाहिए."

रामसजीवननं आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. गरम तव्यावर पाय पडावा तसा तो चपलांतून बाहेर आला. नळाशी जाऊन त्यानं त्या घासल्या, खालून, वरून, पट्ट्यांच्या आतूनही. खांद्यावरच्या गमछ्यानं पुसल्या. मग दोन्ही हातांनी पुढे केल्या.

"माँ जी को बोलना, हमको पता नहीं था।"

समोरच्या दुकानात हेमांगीनं त्याला दुसऱ्या चपला घेऊन दिल्या. त्यानं सगळ्यात स्वस्त जोड उचलला. ती म्हणाली, चांगला घ्या. तो म्हणाला, "यही ठीक है। इसको कोई वापस नहीं माँगेगा।"

तिच्या कंपनीची बस सुटली. हेमांगी चपला पिशवीत घालून रिक्षाची वाट बघत उभी राहिली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की खरी अडचण आत्ता सुरू होते. चपला सापडल्या होत्या, पण त्या आता सुकाच्या राहिल्या होत्या का?

७

रविवारी सकाळी पाड्यावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. नवशानं टपरी बंद ठेवली होती. सहलीची बस नव्हती. बोईसर कामावर होतं. हेमांगीनं रजा टाकली होती.

तिनं चपला सोमीच्या हातात दिल्या आणि जे झालं ते सगळं सांगितलं. नियम, पेटी, भिंत, रामसजीवन. काही लपवलं नाही. फक्त मुलीचं नाव घेतलं नाही.

सोमीनं एक चप्पल उलटी केली. तळाची नक्षी टाचेपाशी बोथट झाली होती. आत पाच बोटांचे पुसटसे ठसे होते.

"चालल्यात ह्या," ती म्हणाली.

"हो."

"सुकानं एक दीसबी घातल्या नाय. दसऱ्यानंतर बोईसरला कामाला लागनार होता. तवा घालीन म्हनायचा. कागदबी काढू दिला नाय त्यानं, इतका जपायचा." तिनं त्या ठशांवरून अंगठा फिरवला. "बोईसरला जाऊन आल्या म्हना."

हेमांगी तिच्याजवळ खाली बसली.

"उचलनारी कोन? गॉगलवाली?"

हेमांगीनं नजर चपलांवरच ठेवली. सोमीनं मान हलवली.

"तिला सांगू नका. पोर हाय. माजाबी तसाच होता, कुनाचं काय ऱ्हायलं दिसलं की सुटला."

प्रश्न भगताकडे गेला. दुसऱ्याचा पाय लागला, आता चालतील का? भगत म्हातारा होता. त्यानं चपला पाहिल्या, नाकाशी धरल्या, पुन्हा पाहिल्या. नवशा भावजयीपासून लांब, पण तिला दिसेल असा उभा होता.

"चोरीला गेल्या होत्या?" भगतानं विचारलं.

"नाही. कामाला गेल्या होत्या," हेमांगी म्हणाली. दुसरा शब्द तिला सुचला नाही.

"मंग काय हरकत नाय," भगत म्हणाला. "कामाला सगळीच जातात."

सगळे वर चढले. भोकरीखाली सोमीनं चपला ठेवल्या, तोंडं घराकडे. पंधरवड्याची रीत मोडली होती, म्हणून भगतानं सुकाला एकदाच्या ठिकाणी पुन्हा पुन्हा हाका मारल्या. "सुका रं, ये. आये आलीय न्यायला. ये घरी." रानात एक होला घुमत होता, तोही थांबला. मग सोमी वाकली, तिनं चपला उचलल्या आणि ओंजळीतून पाणी न्यावं तशा जपून ती उतरू लागली. मागे बघायचं नसतं. ती बघत नव्हती. पण तिचे ओठ सारखे हलत होते, आणि हेमांगी मागून चालत होती म्हणून तिला ऐकू आलं. "दगड हाय रं, सांबाळ. हितं निसरडं हाय. हळू ये."

घरात देव्हाऱ्यापाशी चपला ठेवल्या गेल्या. आत बायका रडल्या. सोमी रडली नाही. वर्षानं आलेल्या पोराला भूक लागली असेल अशा घाईनं तिनं चूल पेटवली.

हेमांगी अंगणात आली. अहवाल पूर्ण झाला होता. काय झालं, कसं झालं, कोणाचाही हेतू वाईट नव्हता, वस्तू परत मिळाली. नवशा तांब्या घेऊन तिच्याजवळ आला. ती पाणी प्यायली. तो तिथेच घुटमळत राहिला.

"बाई, एक बोलू? वयनीच्या कानावर घालू नका."

"नाही घालणार."

"त्या चपला सुकाला झाल्याच नाय कदी. टाच भायेर यायची. आयेनं हौसेनं आनल्या, तिला बोलायचं कसं, म्हनून ठेवून दिल्या. म्या म्हनलं, दुकानात देऊन बदलून आन. म्हनला, ऱ्हाऊ दे काका, तिला वाईट वाटंल. त्या दिशी गडावर गेला तो अनवानीच."

सुकाला नऊ नंबर लागायचा. त्या सातच्या होत्या.